‘नकळत’ या एका शब्दासाठी

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

इंग्रज कवी कोलरिज याची म्हाताऱ्या खलाशाची कविता अनुवादताना तुम्ही केलेल्या मदतीबद्दल हे जाहीर आभार.

१७९८ सालच्या या कवितेचे सात भाग. तुम्ही आधी प्रत्येक भागाच्या शेवटच्या ओळी तेवढ्या एकाखाली एक लिहायला लावल्यात. पहिल्याच्या शेवटी खलाशाचा बाण अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याला लागतो. दुसऱ्याच्या शेवटी तो मेलेला पक्षी खलाशाच्या गळ्यात येतो. तिसऱ्यात दोनशे सोबत्यांचे आत्मे त्याच बाणासारखे सणसणत जवळून जातात. चौथ्यात पक्षी गळून शिशासारखा समुद्रात बुडतो, आणि सुटका झाली असं समजून वाचक इथेच फसतो. पाचव्याच्या शेवटी एक अदृश्य आवाज म्हणतो, याने प्रायश्चित्त केलंय, अजून करायचंय. सहाव्यात पक्ष्याचं रक्त धुऊन निघेल ही नुसती आशा.

सोबत्यांचा वाटाही तुमच्यामुळेच दिसला. ते आधी पक्षी मारल्याबद्दल खलाशाला दोष देतात, धुकं विरताच शाबासकी देतात. त्यामुळे तेही गुन्ह्यात सामील झाले, असं कोलरिजने १८१७च्या आवृत्तीत समासात लिहिलं. त्या टिपा दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवा, हा तुमचा सल्ला फार मोलाचा ठरला. आधी वाचल्या तर अर्थ आयता मिळतो आणि भय निसटतं.

सर्वांत मोठं ऋण चौथ्या भागाचं. तिथे प्रार्थना उसळून येण्याआधीच एक दुष्ट कुजबुज काळीज कोरडं करते. पुढे चांदण्यात निळे, चकाकते हिरवे, मखमली काळे पाणसाप दिसतात, आणि त्याच क्रियापदाने प्रेमाचा झरा उसळतो. आमच्या मसुद्यात प्रार्थना ‘फुटत’ होती आणि झरा ‘वाहत’ होता, म्हणजे धागाच तुटला होता. आता दोन्हीकडे ‘उसळणे’ आहे. खलाशी त्या सापांना ‘अजाणता’ आशीर्वाद देतो, असं आम्ही लिहिलं होतं; तेही तुम्हीच थांबवलंत. अजाणता पाप घडतं, चूक होते. मराठी कानाला त्या शब्दात अपराधच ऐकू येतो. माया दाटते ती नकळत. ठरवून केलेली प्रार्थना जिथे आटली, तिथे न ठरवलेलं प्रेम पोचलं, हे त्या एका शब्दावर तोललेलं आहे.

मूळ इंग्रजीत तो शब्द (‘unaware’) तीन ओळींत दोनदा येतो, दोन्ही वेळा ओळीच्या टोकाला. नव्या मसुद्यात आम्हीही तो तिथेच ठेवला आहे.

आपले कृतज्ञ,
वाचनगटातले सर्वजण