रविवारी पाहू : जुनी दिल्ली, जुने वार्तापट

सभासदांनो, येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्या हॉलमध्ये १९४७ ते १९५० च्या दिल्लीचे वार्तापट दाखवणार आहोत. सरकारी वार्तापट १९४६ मध्येच बंद पडला होता आणि फिल्म्स डिव्हिजन (सरकारची चित्रपटनिर्मिती संस्था) सुरू झाली १९४८ साली. त्यामुळे स्वातंत्र्यदिनाचे बरेचसे चित्रण परदेशी कंपन्यांचेच.

इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कात गर्दीत अडकलेली माउंटबॅटन यांची बग्गी जरूर बघा. लाल किल्ल्यावर नेहरूंनी झेंडा फडकवला तो १५ नव्हे, १६ ऑगस्टला. व्हॉट्सॲपवर काहीही फिरो! १९५० चे पहिले प्रजासत्ताक दिनाचे संचलनही राजपथावर नव्हे, आयर्विन स्टेडियमवर झाले. पाहुणे होते इंडोनेशियाचे सुकार्नो.

काही फितींना आवाज नाही, तेव्हा गप्पा नंतर, चहाबरोबर. खुर्च्या मोजक्या आहेत. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे.

– चिटणीस