रॅक पडलं त्याची गोष्ट

सुध्या,

सात महिने झाले, तुझ्या दोन्ही मेसेजना उत्तर नाही. शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघा होता तसाच.

फोनवर हे सांगता आलं नसतं, तू मध्येच हसला असतास. आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो माझी समजूत घालायला लागेल. ती मला नकोय.

ते पुस्तकांचं लोखंडी रॅक आठवतंय? 'भिंतीला ठोकून घे' म्हणून तू दोनदा बजावलं होतंस. ते पडलं. ताई आली होती, तिचा चिन्मय आणि आमची इरा खालच्या कप्प्यावर पाय देऊन वर चढत होते. चिन्मय माझ्या अगदी पुढ्यात, इरा त्याच्या पलीकडे. वरची दोन पुस्तकं धपकन पडली आणि मला कळलं तेव्हा इरा माझ्या कुशीत होती. तिची कॉलर माझ्या मुठीत, तिचं एक बटण तुटून हातात आलेलं. चिन्मयच्या भुवईवर तीन टाके पडले.

घरात माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक चाललंय. ताईसुद्धा म्हणते, 'अरे, विचार करायला वेळ तरी होता का?' नव्हताच. माझं घोडं तिथेच अडलंय. विचार केला नाही, तर निवड कुणी केली?

आता तू तो मेंदूसंशोधक लिबेट काढशील, ठाऊक आहे मला. 1983 चा तो प्रयोग तू हॉस्टेलवर इतक्या वेळा ऐकवलास की मेसचा पोऱ्याही म्हणून दाखवायचा: मनगट हलायच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी मेंदूत तयारी सुरू, आणि 'आता हलवू या' असं माणसाला जाणवतं ते फक्त 200 मिलिसेकंद आधी. म्हणजे जाणीव ही वरातीमागून येणारं घोडं. पण सुध्या, ती माणसं निवांत बसून, वाटेल तेव्हा मनगट हलवत होती. कुणाला वाचवायचं हा प्रश्नच तिथे नव्हता. त्या आकड्यांच्या आड मला लपता येत नाही, आणि मी प्रयत्न करून पाहिला.

जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनचा म्हणून सांगतात तो विनोदही करून झाला. दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी जीव द्यायला मी तयार आहे म्हणे! हिशेब सामायिक जनुकांचा, त्यात मुलगी निम्मी, भाचा पाव. हात बरोबर निम्म्याकडे गेला. गणितात मी काठावर पास होणारा, आणि माझा हात असला पक्का निघाला.

हेही पचलं असतं एक वेळ. पण टाके घालून आल्यावर चिन्मयने विचारलं, 'मामा, तुला मी दिसलो नाही का?' आणि मी म्हणालो, 'नाही रे.' तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. माझ्या आठवणीत त्या क्षणी फक्त इरा आहे. चिन्मय त्या चित्रातच नाही.

रात्री आडवा झालो आणि हात आठवला. सरळ गेला असता तर तो चिन्मयला लागला असता. तो त्याच्या डोक्यावरून, वळसा घालून गेला. कोपराला त्याचे केस लागल्याचं मला आठवतंय. म्हणजे हाताला तो दिसला होता, मला नाही.

1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ वाइस्क्रान्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डी. बी. नावाच्या रुग्णाबद्दल लिहिलं होतं बघ. मेंदूतला दृष्टीचा काही भाग कापून काढलेला, अर्ध्या बाजूचं काही दिसत नाही असं तो सांगायचा. पण दिवा कुठे आहे त्याकडे बोट कर म्हटलं की बऱ्यापैकी अचूक करायचा. आणि वर म्हणायचा, मी नुसता अंदाज करतोय. 'नाही रे' म्हणणारा मी तसाच का? डी. बी.च्या मेंदूचा तुकडा तरी गेला होता. माझा अख्खा जागेवर आहे.

आणि मग आपण मिळून लिहिलेली ती गोष्ट आठवली. यानात जागा एकाचीच, यंत्रमानव चालक, बाहेर दोन माणसं. तुझं म्हणणं, जो जवळ त्याला घ्यायचं आणि दार लावायचं, विषय संपला. मी शेवट बदलला. यंत्रमानव लांबच्या मुलीला घेतो, कारण ती त्याला घडवणाऱ्याची लेक, आणि तिथे तो 'माणूस' होतो. बक्षीस मला मिळालं. तू म्हणालास, 'हे माणूसपण नव्हे, वशिला आहे.' तीन आठवडे मी तुझ्याशी बोललो नव्हतो.

घे, मान्य. जिंकलास. पण पूर्ण नाही हं! जवळच्याला उचलणारं तुझं यंत्र नंतर झोपलं असतं. असिमोवच्या 1942 च्या विज्ञानकथेतला तो स्पीडी नावाचा यंत्रमानव बुध ग्रहावर दोन नियमांच्या ओढाताणीत सापडून सेलेनियमच्या तळ्याभोवती फेऱ्या मारत राहतो. मीही पहाटे तीनला सोफ्याभोवती तेच करतोय. फरक एवढाच, त्याला सुरुवातीपासून अडकवलं होतं नियमांनी. माझ्या हाताला त्या क्षणी कसलीही ओढाताण नव्हती. सगळी ओढाताण नंतर, माझ्याच वाट्याला. निर्णय एकाचा आणि जागरण दुसऱ्याचं, ही कसली वाटणी?

तुझं नवं काम कसं चाललंय? वहिनींचा अभ्यासक्रम संपला का? पोरगं अजून रात्री उठवतंय की सुटलात? सविस्तर लिही, मी नाही विचारलं तरी.

रॅक आता ठोकून घेतलंय, चार ठिकाणी.

चिन्मय रविवारी परत येतोय. मागच्या वेळी त्याने मला टाक्यांची खूण अभिमानाने दाखवली होती. 'नाही रे' तसंच राहू देऊ, की हाताचं सांगू? नऊ वर्षांचा आहे तो. रविवारच्या आत कळव. ताईला यातलं काही माहीत नाही, तिचा फोन आलाच तर गप्प बस.

आणि ती गोष्टीची वही तुझ्याकडे असेल तर पाठव. तुझा शेवटही त्यात होता, मी तो खोडला होता. खाडाखोडीखालून वाचता येतो का बघतो.

तुझा,
मन्या

ता. क. बटण अजून माझ्या खिशात आहे. इराची आई ते शोधतेय.