रात्रीचा ब्लॉक दिलात, आता दिवसाची झोपही द्या

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी टॅम्पिंग मशीनवर ऑपरेटर आहे. रविवारच्या मेगाब्लॉकच्या नावाने बोटे मोडणाऱ्या मुंबईकरांनी आमची पिवळी मशीन पाहिलेली असतात. ती करतात काय, हे सहसा कुणी विचारत नाही. गाड्यांच्या ओझ्याने खडी बसते, रूळ कुठे दबतो, कुठे बाजूला सरकतो. मशीन तो स्लीपरसकट, म्हणजे रुळाखालच्या आडव्या सिमेंटच्या तुळयांसकट, उचलून पातळीत आणते. मग स्लीपरच्या दोन्ही अंगांनी पोलादी टूल खडीत घुसतात आणि सेकंदाला सुमारे 35 वेळा थरथरत खडी स्लीपरखाली दाबून बसवतात. आमच्या भाषेत पॅकिंग.

दर 60 सेंटिमीटरला एक स्लीपर. नजर सतत खाली, टूलच्या टोकावर. हात जरा चुकला की टूल सिमेंटच्या स्लीपरची कड उडवते, नाहीतर सिग्नलची केबल तोडते. हे काम डोळ्यांवर झापड असताना करू नये, एवढे कळायला रेल्वेत असावे लागत नाही.

पण उन्हाळ्यात नेमके तसेच करावे लागते. लांबलचक वेल्ड केलेले रूळ तापले की त्यांच्यात ताण साठतो, आणि अशा वेळी ते उचलले तर वाकून बाहेर येण्याचा धोका असतो. म्हणून ठरावीक तापमानाच्या वर पॅकिंगला मनाई आहे. नियम रास्तच आहे. त्यामुळे खानदेश-विदर्भात एप्रिल-मेमध्ये काम बहुतेक रात्रीच चालते, आणि झोपायचे दिवसा, कॅम्प कोचमध्ये.

कॅम्प कोच म्हणजे छोट्या स्टेशनच्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या लाइनवर, उभा लोखंडी डबा. बाहेर 44 अंश असले की आत बर्थच्या कडेला हात टेकवत नाही. पंखा गरम वाराच फिरवतो, तोही जनरेटर चालू असेपर्यंत. डिझेल वाचवायचे म्हणून तो दुपारी बंद होतो. टाकीतले पाणी इतके तापते की अंघोळ संध्याकाळवर ढकलावी लागते. शेजारच्या लाइनवरून मालगाडी गेली की डबा हादरतो. त्यातून डोळा लागलाच, तर कुणीतरी उठवायला येतो: झिजलेली टूल बदलायची आहेत, हायड्रॉलिकचा पाइप गळतोय, ऑफिसातून फोन आहे. मशीनची देखभालही आम्हीच करतो ना! घरी सांगताना मात्र आम्ही ‘मस्त झोप झाली’ असेच सांगतो.

लोको पायलटांच्या रनिंग रूम, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या खोल्या, वातानुकूलित झाल्या आहेत. चांगली गोष्ट आहे, तो त्यांचा हक्कच आहे. थकलेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये, हा त्यामागचा विचार. ज्या रुळावरून ती गाडी धावते, तो सरळ करणाऱ्याला हाच विचार का लागू नये? 2014 पासून ट्रॅक मशीनची संख्या दुपटीहून जास्त झाल्याचे आपले मंत्रालय सांगते. मशीनसोबत माणसेही डब्यांत राहायला आली, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मागणी मोठी नाही. जिथे कॅम्प कोच लावतात त्या साइडिंगला स्टेशनवरून विजेचे कनेक्शन द्या. डब्याच्या छताला उष्णतारोधक थर आणि झोपायच्या भागाला एसी द्या. रात्रीच्या ब्लॉकनंतर सलग आठ तास कुणालाही उठवायचे नाही, असा लेखी आदेश काढा. देखभालीसाठी दिवसाची वेगळी माणसे नेमावी लागतील. खर्च येईल, तो मान्य करा.

कनेक्शन आणि आदेश एवढे तरी येत्या एप्रिलच्या आत व्हावे.

आपला,
एक मशीन ऑपरेटर