नाव पुसले, निधीचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लंडनचे जुने व्यापारी संघ म्हटले की आपल्याला झगे घालून निघणारी मिरवणूक आठवते. पण या संघांचे मोल शाळा आणि धर्मादाय निधी सांभाळण्यात आहे. सेंट पॉल कॅथेड्रलचे डीन (प्रमुख धर्मगुरू) असलेल्या जॉन कोलेट यांनी १५०९ मध्ये १५३ मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा तिचा कारभार धर्मगुरूंकडे न देता कापड व्यापाऱ्यांच्या मर्सर्स संघाकडे, म्हणजे वडिलांच्याच संघाकडे, सोपवला. (१५३ हा बायबलमधील एका कथेत जाळ्यात सापडलेल्या माशांचा आकडा, शाळेतले शिष्यवृत्तीधारक आजही चांदीचा मासा लावतात.) अनेक संघ पलटणी, युद्धनौका व कॅडेट तुकड्यांशीही जोडलेले आहेत, मात्र ते नाते मुख्यतः मानाचे आणि बक्षिसांचे.

शिवणसाहित्य विकणाऱ्यांच्या हॅबरडॅशर्स संघाची गोष्ट अधिक अवघड आहे. सतराव्या शतकातील व्यापारी रॉबर्ट आस्क यांच्या मृत्युपत्रातील पैशांतून या संघाच्या काही शाळा उभ्या राहिल्या. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत आस्क यांचे समभाग होते, म्हणून २०२१ मध्ये या शाळांच्या नावांतून ‘आस्क’ वगळण्यात आले. निर्णय योग्यच, परंतु पाटी बदलणे त्यातल्या त्यात सोपे होते. त्या निधीतून आज कोणाची मुले शिकतात, हे संघाने वरचेवर जाहीर करावे.

आपला,
एक वाचक