दारावरच्या त्या कागदाबद्दल आभार

मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

फळमाशीच्या मेंदूचं डावं-उजवं ओळखायचं कसं, हे सांगणारा तुमचा दारावरचा कागद सगळ्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे आभाराचं पत्र उघडच लिहितो आहोत.

माशीच्या मेंदूच्या मध्यात फॅन-शेप्ड बॉडी हा पंख्याच्या आकाराचा भाग असतो. त्याला लगटून असलेली असममित गाठ, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी नसलेली छोटी रचना, जेमतेम दहाएक मायक्रोमीटरची. फॅसिक्लिन-2 हे प्रथिन त्याला चिकटणाऱ्या 1डी4 या प्रतिपिंडाने रंगवलं की बहुतेक माश्यांत ती फक्त उजवीकडे उजळते. 2004 च्या अभ्यासात अशा माश्या 92 टक्क्यांच्या आसपास होत्या. पण ‘उजवीकडे’ म्हणजे कोणाच्या उजवीकडे? माशीच्या! मेंदू समोरून पाहिला तर ती आपल्या डाव्या हाताला येते.

मायक्रोस्कोप मेंदू थराथराने टिपतो. अँटेनल लोब, म्हणजे मेंदूच्या पुढच्या बाजूचे वासाचे भाग, कुठल्या थरात आहेत त्यावरून पुढची बाजू कळते. मात्र चित्रच आरशातलं असेल तर हा पुरावाही फसवतो. म्हणून मेंदू काढतानाच एक ऑप्टिक लोब (डोळ्यामागचा, मेंदूच्या कडेचा भाग) कापायचा आणि कुठला ते लगेच वहीत लिहायचं, हा तुमचा नियम मोलाचा. चित्र दोन अक्षांवर उलटलं तर ते नुसतं फिरतं. एकाच अक्षावर उलटलं की आरशातलं चित्र होतं. थरांचा क्रम उलटा लागला तरी आरसाच होतो, आणि सुटा थर पाहून काही कळत नाही. अमेरिकेतल्या जनेलिया या संशोधन केंद्रात टिपलेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अख्ख्या मेंदूच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चित्रसंचातही डावं-उजवं असंच उलटलं होतं. त्याचा सुगावा लागला तो याच गाठीमुळे.

कव्हरस्लिपवर (नमुन्यावरच्या पातळ काचेवर) शाईने ‘र’ लिहून तो चित्रात उलटा दिसतो का, ही तपासणी आडव्या-उभ्या अक्षांपुरती. खोलीसाठी वरच्या बाजूला लाल, खालच्या बाजूला निळा ठिपका द्यायचा. लेन्स कोरडीच, म्हणजे तेल न लावता वापरायची, हवी. तेलाने शाई पसरते.

मेंदू दोन कव्हरस्लिपांमध्ये बसवण्याची युक्तीही तुमचीच. तिरका बसलेला मेंदू खोल गेलेल्या बाजूला फिका दिसतो, आणि तो फिकेपणा डाव्या-उजव्यातला फरक म्हणून मोजला जातो. दोन्हीकडे काच असल्याने मेंदू पालथा करता येतो; तसा पुन्हा टिपल्यावर फरक माशीच्या त्याच बाजूला राहिला तर खरा, बाजू बदलली तर प्रकाशाचा खेळ.

कागद आता फिका झालाय. नवा लावाल तेव्हा एक ओळ वाढवा: निम्म्या मेंदूंत डावा लोब कापा, निम्म्यांत उजवा. नेहमी एकच कापला तर मेंदू नेहमी एकाच बाजूला कलतो.

आपले,
फळमाशीच्या टेबलावरचे सगळे