टोपीसाठी गेल्या, इतिहास लिहून बसल्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात काम केलेल्या क्रिश्चियन लँब यांना ६ जून २०२४ रोजी नॉर्मंडीत, वयाच्या १०३व्या वर्षी, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ‘लेजन ऑफ ऑनर’ हा त्या देशाचा सर्वोच्च सन्मान देऊन गौरवले, तेव्हा त्यांच्या युद्धकाळातील कामगिरीची उजळणी झाली. त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनाची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, म्हणून हे पत्र.

ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात, म्हणजे ‘रेन’ म्हणून, लँब १९३९मध्ये दाखल झाल्या. पुढे त्यांच्याकडे प्लॉटरचे काम आले. समुद्रावरून येणाऱ्या खबरींप्रमाणे नकाशावर जहाजांच्या जागा तासातासाला बदलत राहायच्या, असे ते काम होते. मे १९४३मध्ये बेलफास्टच्या नियंत्रणकक्षात त्या अटलांटिकमधील ‘ओएनएस-५’ या ताफ्याची वाटचाल नोंदवत होत्या आणि त्या ताफ्याच्या रक्षणाला असलेल्या ‘ओरिबी’ या विनाशिकेवर त्यांचा वाग्दत्त वर होता. ‘ओरिबी’ने एका जर्मन पाणबुडीला धडक दिली, स्वतःही जायबंदी झाली, पण तगली. नकाशावरच्या एका खुणेत आपला होऊ घातलेला संसार असताना हात न थरथरता नोंद करायची, ही शिस्त पुढे त्यांना लेखनात उपयोगी पडली असावी, असे मला वाटते.

लग्न झाले, मुले झाली, कॉर्नवॉलमध्ये बाग फुलली. बागेतली झाडे मुळात कुठून आली याचा माग घेताघेता त्यांनी ती दूरदेशींहून आणणाऱ्या वनस्पती-संग्राहकांवर लिहिले. पहिले पुस्तक आले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २००७मध्ये त्यांनी युद्धकाळातील रेन मैत्रिणींच्या आठवणींचे पुस्तक केले, त्याचे नाव ‘मी फक्त टोपीसाठी भरती झाले’ अशा अर्थाचे (रेन अधिकाऱ्यांची ती तीनकोनी टोपी होतीच तशी रुबाबदार). ज्यांचा उल्लेख कोणत्याही लढाईच्या अहवालात येणार नाही अशा बायकांना त्यांनी बोलते केले, हे मला त्यांच्या पदकाहून मोठे वाटते.

आपल्याकडेही १९४४मध्ये ‘विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस’ उभी राहिली होती. तिच्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५मध्ये साडीच्या गणवेशात स्कॉटलंडमधील रोसाइथच्या नौदल तळावर गेल्या होत्या. तिथला त्यांचा फोटो आजही पाहायला मिळतो. पण त्यांच्या सहकारी मुलींनी पुढे काय केले, त्यांपैकी कुणी काही लिहून ठेवले का?

आमच्या चाळीत अशाच एक आजी होत्या. ‘लढाईत फोर्टला ऑफिसात होते,’ एवढेच त्या सांगत. त्या गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीतील कागद दोरीने बांधून रद्दीत गेले. निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीचे बोहारणीकडून एक स्टीलचे पातेले आले. मी तेव्हा ग्रंथालयात नोकरीला होते, तरी मला ते कागद मागून घ्यावेसे सुचले नाही.

त्या पिढीतील बायका आता फार थोड्या उरल्या असतील. त्यांच्या लेकी-सुना आणि नातवंडे मात्र आपली वाचक आहेत. आपल्या वृत्तपत्राने त्यांना आवाहन करून पत्रे, फोटो, नेमणुकीचे कागद निदान मोबाइलवर टिपून मागवावेत, ही विनंती. आलेल्या मजकुराची तारीखवार सूची करून देण्याचे काम मी विनामोबदला करीन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, दादर, मुंबई