लॉट क्रमांक ११४ : छायाचित्रातले नाणे मला मिळालेले नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लिलावात दाखवलेल्या रोमन नाण्याऐवजी दुसरेच नाणे पाठवल्याबद्दल

महोदय,

गेल्या महिन्यातल्या आपल्या ऑनलाइन लिलावात लॉट क्रमांक ११४ मी घेतला. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा चांदीचा डिनेरियस. बोलीचे साडेअकरा हजार, वर कमिशन आणि टपालखर्च, सगळे त्याच दिवशी भरले. पार्सल वेळेवर आले, पॅकिंगही चोख होते. पण आतले नाणे ते नाही.

कॅटलॉगमधल्या नाण्याच्या मागच्या बाजूला देवी उभी आहे आणि कडेने ‘फोर्ट रेडुग’ असा लेख आहे. ही फोर्तुना रेडुक्स, दूरच्या प्रवासातून सुखरूप घरी आणणारी देवता. तिच्या नावाच्या या संक्षेपात शेवटी सी हवा, तिथे जी कोरला गेला आहे. मी बोली लावली ती त्या जीसाठी. हाती आलेल्या नाण्यावर स्वच्छ सी आहे. छायाचित्रातल्या नाण्याला देवीच्या पायाशी काठावर चीर आहे, याचा काठ अखंड आहे. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत.

फोन केल्यावर आपल्या प्रतिनिधी ताई नम्रपणे बोलल्या, पण म्हणाल्या, “सर, सम्राट तोच, देवी तीच. त्या पीसवर स्पेलिंग चुकलेले होते म्हणून आम्ही तुम्हाला चांगले पाठवले.” नाणे बदलून मिळणार नाही, असेही सांगितले. माझी खरी तक्रार या उत्तराबद्दल आहे.

इ.स. १९३ मध्ये सेव्हेरस गादीवर आला तेव्हा सीरियात पेसेनियस नायजरने स्वतःला सम्राट घोषित केले होते. १९४ मध्ये त्याचा पाडाव झाला. त्या धामधुमीत पूर्वेकडच्या टांकसाळींतून सेव्हेरसच्या नावाने जे डिनेरियस निघाले, त्यांवर चुकांची रेलचेल आहे. तिथल्या कारागिरांचा रोजचा व्यवहार ग्रीकचा, लॅटिन परकी. त्या काळच्या ग्रीक लेखनात सीच्या आकाराचे अक्षर ‘स’ म्हणून वाचले जाई, आणि लॅटिन जीसारखे अक्षर तर त्या लिपीत नव्हतेच. अशा माणसाचा हात सी आणि जीमध्ये घसरला, तर ती चूक त्याच्याबद्दल काहीतरी सांगते. रोममध्ये पडलेल्या बिनचूक नाण्यातून हे कळत नाही.

मी पंचवीस वर्षे छापखान्यात खिळे जुळवले. उलटी अक्षरे वाचायची सवय डोळ्यांत मुरलेली आहे, तरी घाईत माझाही खिळा चुकायचा. चिमट्याने तो उपटून दुसरा बसवला की काम भागायचे. ठसा कोरणाऱ्याला ती सोय नव्हती. अक्षरे उलटी, आणि तीही एकेक करून धातूत खोदलेली. जी एकदा खोदला की त्याचा सी करणे अवघड. मग त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो जी उमटत राहतो, आणि म्हणूनच दूरदूरच्या दोन संग्रहांतली नाणी एकाच ठशाची असावीत, हे ओळखायला तो पहिला धागा ठरतो. भिंगाखाली अशी जोडी जुळते तेव्हा मला होणारा आनंद पत्रात मावणारा नाही.

माझ्याकडे अशी चुकलेल्या लेखांची एकोणीस नाणी आहेत. गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये निघालेल्या सम्राट टेट्रिकसच्या नाण्यांच्या स्थानिक नकला आहेत, त्यांच्यावर शब्द झिजत झिजत नुसत्या उभ्या रेघा उरतात. सम्राट तिबेरियसच्या डिनेरियसची आपल्या दक्षिण भारतात झालेली एक नक्कलही आहे, तिच्यावरची अक्षरे कारागिराने केवळ नक्षी म्हणून उतरवली आहेत. सेव्हेरसचे हे नाणे मी चार वर्षे शोधत होतो.

तेव्हा माझे म्हणणे असे. छायाचित्रात होते तेच नाणे मला मिळावे. ते दुसऱ्या कोणाला विकले असल्यास तसे लेखी कळवावे आणि कमिशन व टपालखर्चासह सर्व रक्कम परत करावी. विकले नसेल, तर या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत विकू नये, आणि कृपा करून ते घासूनपुसून साफ करायला कोणाकडे देऊ नये. यापुढे कॅटलॉगमध्ये लेख नाण्यावर जसा आहे तसाच छापावा, ही विनंती. लॉट ११४ च्या वर्णनात आपण तो दुरुस्त करून छापला आहे. माझ्यासारखे ग्राहक नेमक्या त्या चुकाच शोधत असतात.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण आपल्याकडून यापूर्वी तीनदा खरेदी केली आहे आणि तिन्ही वेळा व्यवहार चांगला झाला.

आलेले नाणे त्याच्या पाकिटात तसेच ठेवले आहे. परत पाठवण्याचा खर्च कंपनीने करावा.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, दोन्ही नाण्यांची छायाचित्रे